अब्बांची अक्षरं आणि दोन खुर्च्यांचा कॉम्प्युटर

फ्लेक्सच्या दुकानात माझं मुख्य काम म्हणजे चेहरे कापणं. वाढदिवसवाल्याचा मोबाईलवर काढलेला फोटो यायचा, मागे गोठा, मोटरसायकल, कधी अर्धी म्हैस. ते सगळं पुसून मी तिथे निळं आभाळ लावायची, बाजूला दोन सिंह बसवायची आणि खाली जाड अक्षरांत शुभेच्छा. शहाद्यात मी बनवलेले फ्लेक्स चौकाचौकांत लागायचे. पण ते बघायला मी कधी थांबल्याचं आठवत नाही.

माझे अब्बा पेंटर. शहाद्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या कितीतरी पाट्या त्यांच्या हातच्या. फ्लेक्स आले आणि त्यांचं काम हळूहळू थांबलं. तरीही मी फ्लेक्सच्या दुकानात नोकरी धरली तेव्हा त्यांनी नाक मुरडलं नाही. घरात ते अम्मीशी हिंदी बोलायचे, पण पाट्यांचा विषय निघाला की जीभ आपोआप अहिराणीवर यायची, कारण सगळी गिऱ्हाईकं तीच बोलणारी. मला म्हणाले होते, "ब्रश गया ते गया. अक्षर चांगलं ऱ्हावाले जोयजे." अक्षर चांगलं राहिलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

एकदा बियाण्याच्या दुकानावर नवा फ्लेक्स लावायचा होता. डिझाईन माझंच, म्हणून मालकांनी मलाही बघायला पाठवलं. कामगारांनी जुनी पत्र्याची पाटी उतरवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. लाल जमिनीवर पिवळी अक्षरं, कडेला काळी सावली. 'बियाणे' या शब्दातला 'ण' मी बघतच राहिले. काय त्याचा डौल! अंगाने भरलेला, तरी जड नाही. वर माझा फ्लेक्स चढत होता आणि त्यावरची अक्षरं समोरच्या मेडिकलवर, शेजारच्या मोबाईलच्या दुकानावर, पलीकडच्या रसवंतीवर होती तीच. एकाच साच्यातली. दुकानदाराला पाटी मागितली. तो म्हणाला, घेऊन जा, भंगारातच जाणार होती. मी रिक्षात ती आडवी धरून घरी आणली.

अब्बांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी पाटी उजेडात धरली, लांब केली, जवळ आणली.

"हाऊ ण मन्हाच शे," आपलाच हात ओळखून ते म्हणाले. "देख, पोट कसं भरेल शे."

मी म्हणाले, "अब्बा, आपण याचा फॉन्ट करू या."

"फॉन्ट म्हंजे?"

"म्हणजे तुमची सगळी अक्षरं कॉम्प्युटरमध्ये भरायची. अ पासून ज्ञ पर्यंत, काना-मात्रा, जोडाक्षरं, आकडे. मग कुणीही टाईप केलं की तुमच्या हातचं अक्षर उमटेल."

"कोनी बी?"

"कोणीही."

त्यांनी पाटी भिंतीला टेकवली. मग आतल्या खोलीकडे बघून अम्मीला जोरात हाक मारली, "अरे, मेरी वो पुरानी कापियाँ कहाँ रखी हैं?"

पलंगाखालच्या पेटीतून वह्या निघाल्या. गिऱ्हाईकांना दाखवायला काढलेले नमुने होते त्यात. त्या दुपारी आम्ही दोघं जेवायचं विसरलो. अम्मीने दोनदा ताटं झाकली.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर हे होणारं नव्हतं, तिथे दिवसभर चेहरे कापायचे असत. माझा स्वतःचा कॉम्प्युटर हवा होता. लॅपटॉप की डेस्कटॉप, एकच घेणं शक्य होतं, आणि इथून खरी गंमत सुरू झाली.

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण काठी नावाच्या गावाकडे, डोंगरातल्या एका खेड्यात शिक्षिका आहे. सुट्टीला शहाद्यात येते. शिक्षिका झाल्यापासून ती भांडतेसुद्धा पुस्तकी मराठीत. ती म्हणाली, "लॅपटॉपच घे. तू अक्षरं शोधत फिरणार ना? मग पाट्या काय तुझ्या घरी चालत येणार आहेत?"

आमचे फ्लेक्सचे मालक मात्र डेस्कटॉपवाले. ते म्हणाले, "लॅपटॉप म्हंजे डबामानं जेवन. पोट भरस, पन पंगत व्हत नही. तुले बारीक काम करनं शे, मोठी स्क्रीन ले."

खरं सांगायचं तर मला लॅपटॉप हवा होता. तो पिशवीत घालून एसटी स्टँडवरून चालत जायचं, कुठेही बसून उघडायचा, हे चित्र माझ्या मनात कधीचं रंगवून तयार होतं. आमच्या गल्लीत लॅपटॉप घेऊन जाणारी बाई मी अजून बघितली नव्हती. ती पहिली मी व्हायची.

मैत्रिणीने तिचा लॅपटॉप मला एका रविवारी वापरायला दिला. मी त्यात अक्षरं बनवायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि अब्बांना घेऊन प्रकाशा या तीर्थाच्या गावाची एसटी पकडली. तिथे अब्बांनी यात्रेकरू उतरतात त्या धर्मशाळेची भिंत रंगवली होती आणि एका पिठाच्या गिरणीची पाटी. भिंत कुणीतरी नव्याने चुन्याने रंगवून टाकली होती. पण गिरणीची पाटी जागेवर होती, पिठाने अर्धी पांढरी झालेली.

गिरणीवाला बाहेर आला. त्याच्या भुवया आणि पापण्याही पांढऱ्या.

"पेंटरबाबा! तुम्ही शेतस का!" तो म्हणाला. "या, बसा. तुम्ही टिपाडवर चढीसन ही पाटी लिखी व्हती. मी खाले टिपाड धरी उभा व्हतो."

अब्बा त्याचा हात सोडेनात. मी ओट्यावर बसले, मोबाईलने पाटीचा फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला आणि 'र' पासून सुरुवात केली. फोटोवरच्या अक्षराच्या कडेने बिंदू ठेवत जायचं, बिंदूंमधून रेष आपोआप वळते. मान वर केली की खरा 'र' पाटीवर, मान खाली केली की माझा 'र' मांडीवर. दळण घेऊन आलेल्या बाया थांबून बघायला लागल्या. एक म्हणाली, "माय वं, पाटीवरनं उतरी ऱ्हायनं ते!" मला अगदी उडी मारावीशी वाटली. अर्ध्या तासात मी 'र', 'ग' आणि 'ण' काढले. मनात लॅपटॉप घेऊनही टाकला.

"दखाड," अब्बा म्हणाले.

त्यांच्यासमोर स्क्रीन धरली. ऊन होतं. ते वाकले आणि त्यांना त्यात त्यांचाच चेहरा दिसला. आम्ही आत गेलो. तिथे सावली होती, पण बटणांवर पीठ बसायला लागलं. मैत्रिणीची वस्तू, मला धास्ती. मी फुंकर मारत मारत त्यांना 'र' दाखवला. त्यांनी डोळे बारीक केले, चष्मा वर सरकवला, खाली सरकवला.

"चांगलं शे," ते म्हणाले.

हा सूर मला माहीत होता. एखाद्या गिऱ्हाईकाने जांभळ्यावर हिरवी अक्षरं मागितली की अब्बा असंच 'चांगलं शे' म्हणायचे. त्यांना काहीही दिसलेलं नव्हतं आणि माझा उत्साह मोडायचा नव्हता. परतीच्या एसटीत अब्बा हातातल्या तिकिटाच्या पाठीमागे नखाने 'र' गिरवत होते.

मालकांना मी हे सांगितलं. त्यांनी सुट्टीच्या दिवशी दुपारी आमच्यासाठी दुकानाचं शटर उघडलं. तिथला मॉनिटर मोठा, फ्लेक्सच्या कामाचा. मी तोच 'र' उघडला आणि स्क्रीनभर मोठा केला. परातीएवढा.

अब्बा खुर्चीतून उभे राहिले.

"थांब. हाई काय करं तू?" त्यांनी बोट थेट काचेवर टेकवलं. "आठे मी ब्रश उचललेलच नही. एक सपाटामा खाले ऊना शे. तुन्हा आठे गुडघा काब्र ऊना?"

खरंच होतं. वळणावर मी दोन बिंदू जास्त ठेवले होते आणि तिथे बारीकसा उंचवटा आला होता. लॅपटॉपवर तो मलाही दिसला नव्हता. मी एक बिंदू काढून टाकला. दुसऱ्याला धरून हळूहळू सरकवायला लागले.

"आखो जराक. आखो. आखो... बस!"

ते 'बस' इतक्या जोरात आलं की मालक हातातला चहा सांभाळत हसायला लागले. अब्बांना हसू आलं नाही. ते मागे दारापर्यंत गेले, तिथून डोळे मिटून उघडले आणि 'र'कडे बघितलं. पाटी रंगवून झाली की शिडीवरून उतरून रस्त्याच्या पलीकडे जायची त्यांची सवय. पाटी दुरून वाचतात, असं ते म्हणायचे.

"आते मन्हा शे," ते म्हणाले.

मग त्यांना हुरूप आला. म्हणाले, "'करी ऱ्हायना' लिखी दखाड." 'करतोय' या अर्थाचे ते अहिराणी शब्द मी दुकानातल्या एका नेहमीच्या फॉन्टमध्ये लिहिले. तो फॉन्ट जुना, त्यात 'ऱ्ह' नव्हता. अर्धा 'र' उडी मारून रफार होऊन 'ह'च्या डोक्यावर बसला. अब्बांनी मान हलवली. "हाई आपली बोली नही." त्यांनी एका चहावाल्याची पाटी लिहिली होती, दुकानाचं नावच 'येत ऱ्हाय'. त्यातला अर्धा 'र' त्यांनी कसा काढला होता ते ते हवेत हात फिरवून दाखवायला लागले. त्यांचा हात ज्या वेगाने फिरत होता त्या वेगाने मी बिंदू ठेवत होते. आम्ही दोघं एकाच अक्षरावर एकाच वेळी काम करतोय, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी क्षणभर थांबले. इतक्या वर्षांत अब्बांनी मला रंगाचा डबा धरायला दिला होता, पण अक्षरावर हात ठेवू दिला नव्हता.

तरी नंदुरबारच्या दुकानात गेल्यावर मी पुन्हा घसरले. लॅपटॉप ओळीने मांडलेले, चंदेरी, पातळ. एक उचलून बघितला तर पाटी-पेन्सिलएवढा हलका. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आता घरात डेस्कटॉप कोण ठेवतं? जागा जाते, वायरी लोंबतात. हा घ्या, कुठेही न्या."

मी अब्बांकडे बघितलं. ते म्हणाले, "मन्हाकडे नको देखू. काम तुले करनं शे. तुले गोड लागस ते ले."

त्यांनी हे मनापासून म्हटलं आणि म्हणूनच माझी पंचाईत झाली. मी दुकानदाराला लॅपटॉपवर आणि डेस्कटॉपच्या मॉनिटरवर एकेक मोठा 'क' काढायला सांगितला, आणि दोन खुर्च्या मागितल्या. त्याला कळेना, एका कॉम्प्युटरला दोन खुर्च्या कशाला. मी एक खुर्ची लॅपटॉपसमोर ठेवली, दुसरी तिच्या शेजारी. शेजारच्या खुर्चीतून स्क्रीन काळपट दिसत होती. अब्बांनी मान पुढे काढली की माझी मान मागे घ्यावी लागत होती. मग त्याच दोन खुर्च्या मोठ्या मॉनिटरसमोर नेल्या. दोघं आरामात बसलो. मध्ये चहाचा कप ठेवायलाही जागा राहिली.

"हा," मी म्हणाले.

दुकानदार म्हणाला, "नक्की ना? नंतर फिरायला जाताना आठवण येईल."

"येईल," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

परतताना एसटीत कॅबिनेटचं खोकं माझ्या पायाशी आणि मॉनिटरचं खोकं अब्बांच्या मांडीवर. त्यांनी ते दोन्ही हातांनी असं धरलं होतं की पुढचं काही दिसत नव्हतं. कंडक्टरने विचारलं, "काका, टीव्ही लिधा का?"

खोक्यामागून आवाज आला, "नही. पाटी शे."

घरी अम्मीने खिडकीशेजारची भिंत मोकळी करून ठेवली होती. शिलाई मशीन तिने स्वतःहून दाराजवळ हलवलं, वर म्हणाली, "मुझे उधर हवा अच्छी लगती है।" वायरी मी जोडत होते आणि अब्बा प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते विचारत होते. पहिल्याच दिवशी वीज गेली आणि कॉम्प्युटरला जोडलेला यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, टी-टी करायला लागला. अब्बा दचकून उभे राहिले. "हाई काब्र वरडी ऱ्हायनं?" मी म्हणाले, तो सांगतोय की दहा मिनिटांत काम आवरा. तेव्हापासून तो ओरडला की अब्बाच मला ओरडून सांगायचे, "आवर, आवर!" आणि मी घाईघाईने जतन करायची.

सकाळी नोकरीवर जायच्या आधी दोन तास आणि सुट्टीचा पूर्ण दिवस, असं आमचं काम चाललं. 'ळ'वरून आम्ही चार दिवस भांडलो. मला त्याचे दोन्ही गोल सारखे हवे होते. अब्बा म्हणायचे, सारखे केले तर तो चष्मा दिसेल. मी रागाने दोन्ही छापून भिंतीवर लावले. अम्मीला विचारलं. तिने भाजी चिरता चिरता मान वर केली आणि अब्बांच्या 'ळ'कडे सुरी दाखवली. विषय संपला.

लॅपटॉप नसल्याची अडचण मात्र होतीच. बाहेरगावच्या पाटीवरची अक्षरं जागेवर काढता येत नव्हती. मग अब्बांनीच युक्ती काढली. पतंगाच्या कागदासारखा पातळ बटर पेपर घ्यायचा, पाटीवर ताणून चिकटवायचा, पेन्सिलीने अक्षर उतरवून घ्यायचं आणि गुंडाळी करून घरी आणायची. घरी त्याचा फोटो काढून मोठ्या स्क्रीनवर घ्यायचा. कागद अब्बा धरायचे, पेन्सिल माझ्या हातात. हळूहळू पेन्सिल त्यांच्या हातात गेली आणि कागद माझ्या. त्यांचा हात पुन्हा चालायला लागला होता. मला ते दिसत होतं.

अक्षरं पुरी झाली असं वाटलं तेव्हा मैत्रिणीला कळवलं. ती म्हणाली, "माझ्या वर्गासाठी तक्ता कर. पोरं घरी पावरी बोलतात, पुस्तक मराठीत. त्यांच्या घरचे शब्द मी त्यांच्याकडून लिहून घेतले आहेत. ते मोठ्या अक्षरात भिंतीवर हवेत." तिने यादी पाठवली. मी तक्ता रचला आणि आमच्या मालकांनी तो छापून दिला. फ्लेक्सवर! यंत्रातून अब्बांची अक्षरं सरसर बाहेर येत होती आणि अब्बा यंत्राच्या तोंडाशी उभे राहून एकेक शब्द वाचत होते. फ्लेक्सच्या त्या यंत्राजवळ ते पहिल्यांदाच गेले होते.

तक्ता घेऊन आम्ही जीपने डोंगर चढलो. वर्गात तो लावल्यावर मैत्रीण एकेक शब्द वाचायला लागली आणि पोरं ओरडून तिच्यामागे म्हणायला लागली. आपल्या घरात बोलतो ते भिंतीवर लिहिलेलं बघून त्यांना इतकं हसू येत होतं की दोघं-तिघं बाकावरच चढली. शाळेत खिचडी शिजवणारी बाई दारात उभी राहून ऐकत होती. तिला वाचता येत नव्हतं, मैत्रिणीनेच मला आधी सांगितलं होतं. एका शब्दापाशी ती हसली आणि म्हणाली, "नाय बाई, असा नाय." आणि तिने तो शब्द म्हणून दाखवला. शेवटचा आवाज तिने लांबवला होता, विहिरीत बादली सोडावी तसा.

मैत्रिणीने पुन्हा वाचला. बाईने पुन्हा मान हलवली. मैत्रीण मला म्हणाली, "तिचं बरोबर आहे. इथे लांब ओढायची खूण लागेल. अवग्रह."

मी म्हणाले, "तो आमच्या फॉन्टमध्ये नाहीच."

अ पासून ज्ञ पर्यंत, सगळे आकडे, रुपयाची खूणसुद्धा केली होती. पण अवग्रह कुठल्याच पाटीवर सापडला नव्हता. किराणा, बियाणे, गिरणी, कशालाच तो लागत नाही. त्या क्षणी मला लॅपटॉपची फार आठवण झाली. असता तर तिथेच, त्या बाईसमोर तो काढून दाखवला असता.

अब्बांनी विचारलं, "कसा दिसस तो?"

मैत्रिणीने फळ्यावर खडूने ऽ काढला. अब्बा जवळ गेले, मागे आले. "मी आखं आयुष्यमा हाऊ कधी लिखेल नही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती, नव्या कामाची खुशी होती. त्यांनी खडू मागितला. फळ्यावर एक काढला, बारीक. पुसला. दुसरा काढला, त्याची मान जास्त वळली. तिसरा काढला, पोट भरलेला, खाली शेपूट किंचित उचललेली. तिथून ते वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत चालत गेले. पोरं वळून त्यांच्याकडे बघत होती. खिचडीवाली बाई आत आली आणि फळ्याकडे बघत तो शब्द पुन्हा म्हणाली, लांब ओढून. आवाज संपेपर्यंत अब्बांचा हात हवेत तसाच वळत राहिला.

"आखो जराक लांब," ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी मोबाईल काढून फळ्याचा फोटो घेतला, आणि मग पुढे होऊन खडू हातात घेतला. त्यांनी तो अवग्रह मला काढू दिला.